दोन डाव्या फळ्या

मंगळवारी दुपारी बर्फ पडायला लागला, तो शुक्रवारची संध्याकाळ होईपर्यंत थांबायचं नावच घेईना. अशा दिवसांत सॉरेल क्रीक गावातली माणसं कमी बोलतात. अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला सारताना नजर तेवढी डोंगराकडे जाते आणि ओठ मिटतात. उद्या कोण कुठल्या उतारावर जाणार हे विचारायचं नसतं आणि कुणी विचारलंच तर खरं सांगायचं नसतं. चांगले उतार इथे दागिन्यांसारखे जपतात.

तोवेने मात्र किराणा दुकानात चार बायकांसमोर सांगून टाकलं, "शनिवारी मी लांब कुरणावर जाणार."

"अगं, आणि बाळ?"

"दहा महिन्यांची आहे ती. बाप आहे तिला."

बोलली ठसक्यात, पण घरी येईपर्यंत तो ठसका उतरला होता. मागचा हिवाळा मेरिट पोटात असताना गेला आणि हा निम्मा हिवाळा मेरिट मांडीवर असताना. लोक वरून यायचे, तोंडं उन्हाने रापलेली, डोळे चमकत असलेले, आणि म्हणायचे, "काय बर्फ होता गं, मांड्यांपर्यंत!" तोवे हसून मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घ्यायची. एकदा तर घासता घासता रडूच आलं. कॉर्बिनने, तिच्या नवऱ्याने, काय झालं म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना. तीन तास चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं, यासाठी शहाण्या बाईने रडावं?

पण तिला तो खेळ कधी वाटलाच नव्हता. उतरताना, त्या भुरभुरीत बर्फात, तिच्या आतली सगळी बडबड थांबायची. आपण अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, शाळेच्या कचेरीत काम करणारी, हे सारं वाऱ्यावर उडून जायचं आणि जे उरायचं ते नुसतं आनंदी असायचं. बाळंतपणानंतर तिला एकच धास्ती लागली होती. ते जे उरायचं, ते अजून आत आहे का? की दूध, दुपटी आणि जागरणं यांत कुठेतरी विझून गेलं? शनिवारी तिला तेवढंच बघायचं होतं. मनाशी तिने ठरवूनही टाकलं होतं की नसेल तर नसेल, बर्फावरून घसरत उतरायचा तो बोर्ड विकून टाकू, पुन्हा मनाला लावून घ्यायचं नाही.

शनिवारी पहाटे मेरिट जागी होऊ नये म्हणून तिने दिवा लावला नाही. मागच्या खोलीत, शेगडीजवळच्या भिंतीला तिचा आणि कॉर्बिनचा, असे दोघांचे बोर्ड टेकवून ठेवलेले होते. हे बोर्ड मधोमध उभे सुटून दोन फळ्या होतात. चढताना दोन पायांना दोन फळ्या, त्यांच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे म्हणजे मागे घसरत नाहीत. वर गेलं की पट्टे काढायचे, दोन्ही फळ्या जोडून एक बोर्ड करायचा, आणि त्यावर आडवं उभं राहून खाली यायचं. दोघांचे बोर्ड एकाच मापाचे, एकाच निळ्या रंगाचे, हंगाम संपताना एकाच दुकानातून घेतलेले. पट्टे चारही फळ्यांना रात्रीच चिकटवून ठेवलेले होते. अंधारात चाचपडून तिने दोन फळ्या उचलल्या, पाळण्यावर वाकून बाळाचा वास घेतला आणि बाहेर पडली.

रस्ता संपतो तिथे बाबा आणि गस मावशी वाट बघत उभे होते. बाबा म्हणजे हाल्वर, अडुसष्ट वर्षांचा, सुतार. गस मावशीचं खरं नाव ऑगस्टा. तीस वर्षं तिने गावचं टपाल सांभाळलं, त्यामुळे गावात कुणाचं काय चाललंय हे तिला आधीच माहीत असतं अशी तिची समजूत आहे. बाबाचा एक हिवाळा सोडला तर गेली चाळीस वर्षं दोघं शनिवार चुकवत नाहीत. सण असो, पाहुणे असोत, शनिवारी डोंगर.

"आली बघ बेड्यांवाली," गस मावशी म्हणाली. "दोन्ही पाय एका फळीला बांधून घेते. कैद्याला तरी शिक्षा म्हणून बांधतात!"

"मावशी, तुझ्या पायांतल्या त्या बारक्या काठ्यांपेक्षा बरं."

"चला, आधी यंत्रं."

एकेकाने मावशीसमोरून चालत जायचं, छातीवरचं यंत्र बीप-बीप वाजलं की पुढे. कुणी बर्फाखाली सापडलं तर त्या आवाजावर शोधायचं असतं. हा रिवाज कुणी कधी टाळत नाही आणि त्या वेळी कुणी थट्टाही करत नाही. तोवेचं यंत्र वाजलं तशी मावशीने तिच्या खांद्यावर थाप मारली आणि तिघं चढायला लागले.

ताज्या बर्फात पुढचा माणूस वाट पाडतो. गुडघाभर बर्फातून एकेक पाऊल रेटायचं, मागचे त्याच्या चाकोरीतून येतात. कष्ट पुढच्याचे, म्हणून इथला अलिखित कायदा असा की शेवटची वाट ज्याने पाडली, कोरा उतार आधी त्याचा. पहिली रेघ त्याची. त्याने उडी घेतल्याशिवाय बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, मग तो राजा असो की रंक.

पहिला तास मावशी पुढे होती, दुसरा बाबा. तोवेला दम लागत होता, पण पाय चालत होते. एक गोष्ट मात्र खटकत होती. उजव्या फळीचा खटका आज भलत्याच बाजूला हाताला लागत होता. दोनदा तिने वाकून पाहिलं. सगळं बर्फाने माखलेलं. 'दोन हिवाळे झाले, हातपायच विसरले बहुतेक,' असं म्हणून तिने स्वतःलाच दोष दिला आणि पुढे चालू लागली.

झाडं संपली तिथे बाबा बाजूला झाला.

"आता तू हो पुढे."

"बाबा, अजून सव्वा तास आहे. मला नाही झेपायचं."

"नाही झेपलं तर सांग. मी कुठे जातोय?"

तिने वाट पाडली. शंभर पावलं मोजायची आणि थांबायचं, पुन्हा शंभर. पाठीवर घाम, तोंडावर गार वारा. मध्ये एकदा, उतार कोसळायचा तर नाही ना हे बघायला, बाबाने फावड्याने खड्डा खणला, बर्फाचे थर बोटांनी चाचपले, वरून थापट्या मारून पाहिल्या, आणि म्हणाला, "घट्ट आहे. घरच्या जमिनीइतका घट्ट." ऊन वर आलं. तोवेने शेवटचं पाऊल डोंगराच्या धारेवर टाकलं आणि लांब कुरण तिच्या पायाशी उघडलं. उन्हाळ्यात इथे निळी रानफुलं असतात. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं, मऊ, बिनडागाचं. एका सशाचंसुद्धा पाऊल नाही.

बाबाने टोपी काढली. धारेवर पोहोचलं की तो नेहमी काढतो, कुणी कधी कारण विचारलेलं नाही.

"जा बाई," गस मावशी शेवटी हळूच म्हणाली. "तुझं आहे ते."

तोवेने पट्टे सोलून काढले, फळ्या पुसल्या आणि जोडायला एकमेकींजवळ आणल्या. बसेनात. बर्फ अडकला असेल म्हणून तिने आकड्यांत फुंकर मारली. पुन्हा लावल्या. एकीचा आकडा दुसरीच्या आकड्यावरच आपटत होता. तिने एक फळी उलटीसुलटी करून पाहिली. मग दोन्ही शेजारी शेजारी उभ्या धरल्या आणि बघतच राहिली. दोघींचा बाक एकाच अंगाला होता.

तिने कमरेचा वॉकीटॉकी काढला. धारेवरून गावात लागतो.

"कॉर्बिन, ऐकतोयस?"

"बोल! पोहोचलात? कसं आहे वर?"

"मागच्या खोलीत जा. भिंतीला दोन फळ्या आहेत बघ."

खरखर. मेरिटचं बा-बा-बा. पावलांचा आवाज.

"आहेत. का गं?"

"कुठल्या आहेत? डावी-उजवी नीट बघ."

फळ्या भिंतीवर आपटल्याचा खडखडाट.

"दोन्ही उजव्या आहेत," कॉर्बिन म्हणाला. मग एकदम, "तोवे, मग तुझ्याकडे काय आहे?"

गस मावशी आधी खाली वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग बर्फात आडवीच झाली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दोन डाव्या! अरे देवा, दोन डाव्या घेऊन डोंगर चढली! हाल्वर, तुझी पोरगी दोन डाव्या घेऊन…"

"ऐकलं मी," बाबा म्हणाला. त्याची मिशी थरथरत होती.

तोवेला मात्र हसू येत नव्हतं. "मी पट्टे लावते परत," ती म्हणाली. "आलेल्या वाटेने चालत उतरते. तुम्ही दोघं जा कुरणातून."

"आम्ही कसे जाणार?" मावशी उठून बसली. "वाट तू पाडलीस. पहिली रेघ तुझी. तू गेल्याशिवाय आम्ही इथून हलत नाही. बसू इथेच, म्हातारे होऊ."

"झालाच आहात."

"मग मरू."

"मावशी, मी माझा हक्क सोडला. झालं?"

"सोडायला ती काय जमीन आहे? चाळीस वर्षांत कुणी सोडला नाही. तू कोण लागून गेलीस?"

बाबा एवढा वेळ फळ्यांकडे बघत होता. तो सावकाश म्हणाला, "फळ्या दोन आहेत. पाय दोन आहेत."

तोवेला कळलं तो काय म्हणतोय ते. "नाही बाबा. अजिबात नाही."

बाबा आयुष्यभर एकाच पद्धतीने उतरत आला होता. दोन फळ्या, टाचा मोकळ्या, आणि प्रत्येक वळणाला एक पाय पुढे सरकवून मागचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवायचा. त्याचा बाप नॉर्वेहून ती रीत घेऊन आला होता. तोवेलाही त्याने तिसऱ्या वर्षापासून तीच शिकवली. चौदाव्या वर्षी एके दिवशी तिने त्या फळ्या पडवीत आपटल्या, म्हणाली, मला नाही असं प्रत्येक वळणाला गुडघे टेकत यायचं, आणि मैत्रिणीचा बोर्ड उचलून गेली. बाबाने त्या फळ्या उचलून ठेवल्या होत्या. पण तेव्हापासून वीस वर्षं घरात बर्फाचा विषय निघाला की दोघंही टोमण्यांतूनच बोलायची.

"वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "टाचा बांधलेल्या नाहीत. फळ्या दोन्ही एकाच बाजूला वाकलेल्या. मी दहा वेळा पडेन."

"पडशील," बाबा म्हणाला.

"आणि मी यासाठी नव्हते आले!" तिचा आवाज फुटला. "मला एकदाच, एकदाच नीट उतरायचं होतं. मला बघायचं होतं की… माझ्यात ते अजून आहे का. दोन वर्षं मी वाट बघितली, बाबा."

वारा पडला होता. मावशीने तोंड दुसरीकडे वळवलं आणि पिशवीतून वेलदोड्याचे पाव काढायच्या खटपटीला लागली.

"तू झालीस त्या वर्षी मी वर आलो नव्हतो," बाबा म्हणाला. "पुढच्या वर्षी आलो. इथेच. मनात एकच, मला काही झालं तर त्या चिमुरडीचं काय. वाटलं, गेलं आपलं सगळं. वीस वेळा पडलो त्या दिवशी."

"पंचवीस," मावशी पाठमोरीच म्हणाली. "मी मोजत होते."

"मग?"

"मग काही नाही. खाली पोहोचलो तेव्हा नाकातोंडात, कानात, सदऱ्यात बर्फ. आणि मी हसत होतो. का, ते अजून कळलेलं नाही."

तोवेने नाक पुसलं. मावशीने दिलेला पाव खाल्ला. मग फळ्या बर्फावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बूट अडकवले.

"हसायचं नाही," ती म्हणाली.

"मी तर आधीच हसून घेतलंय," मावशी म्हणाली. "तू जा."

पहिल्या दहा हातांतच ती तोंडावर पडली. बर्फ इतका मऊ की लागलं काहीच नाही, नुसतं आत बुडाल्यासारखं झालं. चाचपडत उठली, गॉगलमधला बर्फ काढला. दुसऱ्यांदा बसकण मारली. तिसऱ्यांदा एक फळी एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि तोवे मध्ये. वरून गस मावशी ओरडली, "अगं, त्या एकाच घरच्या आहेत, भांडू देऊ नकोस त्यांना!"

चौथ्यांदा उठताना तिला एक गोष्ट ध्यानात आली. फळ्या डावीकडे आपण होऊन वळतात. नुसता भार टाकला की झोकात, गोल, लोण्यातून सुरी फिरावी तशा. उजवीकडे म्हटलं की मात्र अडून बसतात. हट्टी जनावराला जसं गोडीगुलाबीने वळवावं लागतं, तसं यांना वळवायला हवं. आणि ते कसं, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. वीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं एवढंच. डावा पाय पुढे गेला, उजवी टाच उचलली गेली, गुडघा खाली, खाली, पार बर्फाला टेकेपर्यंत. फळ्या कुरकुरल्या आणि वळल्या.

"हो!" वरून बाबाचा आवाज आला. फक्त तेवढाच.

मग डावीकडे झोका, उजवीकडे गुडघा. डावीकडे झोका, उजवीकडे गुडघा. बर्फ छातीपर्यंत उडायला लागला. खाली वाकलं की तोंडावर यायचा, वर आलं की ऊन दिसायचं. बुडायचं आणि वर यायचं. चौदाव्या वर्षी तिला तो गुडघा टेकणं म्हणजे हार वाटली होती. आता वाटलं, एवढ्या मोठ्या पांढऱ्या शांततेपुढे वाकल्याशिवाय कुणी जाऊच कसं शकतं? प्रत्येक वाकण्याला डोंगर तिला उचलून पुढे ठेवत होता.

मध्ये कितीदा तरी ती पडली, उठली, आणि पुन्हा पडली. या वेळी पडता पडताच हसू फुटलं. पाठीवर पडून ती हसत राहिली, तोंडात बर्फ, मांड्या पेटलेल्या, केस कपाळाला चिकटलेले. तिला जे शोधायचं होतं ते आठवलं तेव्हा कळलं की शोधायचंच राहून गेलंय. आत केव्हापासून कुणीच बडबडत नव्हतं. मेरिटचा विचारही आला, पण भीती होऊन नाही आला. पोरीला हे कधी दाखवीन, असा आला.

ती उठली आणि उरलेलं कुरण एका दमात उतरली. डावीकडे ओढ असल्यामुळे तिला सरळ खाली येताच आलं नाही. सगळं कुरण तिरकं कापत, ओढ्याजवळच्या फरच्या झाडांपाशी ती जाऊन थांबली, जिथे आजवर कुणी उतरून थांबलं नसेल. अंगातून वाफा निघत होत्या. तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली. शब्द नव्हतेच, नुसता आवाज होता.

वरून मावशी निघाली. ती सत्तरीची बाई सरळ कुरणाच्या मधोमध, बारीक बारीक वळणं घेत, भरतकाम करावं तशी उतरली आणि तिच्यापाशी येऊन थांबली.

"अकरा," ती म्हणाली.

"काय?"

"वेळा पडलीस. बापापेक्षा बरी."

मग बाबा निघाला. तोवे डोळ्यांवर हात धरून बघत होती. तो मधून आला नाही. तिच्या रेघेच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, त्याने आपली रेघ सुरू केली. ती जिथे डावीकडे झुकली होती तिथे तो डावीकडे झुकला. ती जिथे अडखळत उजवीकडे वळली होती तिथे त्यानेही तेवढंच वळण घेतलं, तेवढंच वाकडं. ती पडली होती तिथले खड्डे त्याने अलगद वळसा घालून सोडले, एकही मोडला नाही. त्याच्या फळ्यांना काही झालेलं नव्हतं. उजवीकडे वळायला त्याला कसलीच अडचण नव्हती. तरी वरपासून खालपर्यंत तो लेकीसारखाच तिरका उतरत आला.

कुरणावर दोन रेघा उमटल्या, शेजारी शेजारी, डावीकडे कललेल्या.

"घ्या," मावशी म्हणाली. "बापलेकीने मिळून डोंगरच वाकडा केला."

बाबा थांबला. त्याच्या मिशीला बर्फाचे मणी लागले होते. त्याने तोवेकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मिशी पुसत म्हणाला, "उजव्या वळणाला खांदा मागे राहतो तुझा. लहानपणीही राहायचा."

"माहीत आहे. तू दर वेळी ओरडायचास."

"साडेअकरा वाजलेत," मावशी घड्याळ बघत म्हणाली. "कॉर्बिनची पाळी किती वाजता?"

"दोनला," तोवे म्हणाली. कॉर्बिन घाटात बर्फ काढायची गाडी चालवायचा, त्याला उशीर चालत नसे, त्याआधी तिला मेरिटपाशी पोहोचायला हवं होतं. "कुरणाच्या निम्म्यापर्यंत जाऊन यायला तासभर पुरेल. तिथून गाडीपर्यंत अर्धा तास."

"कुणाला जायचंय पण?" बाबा म्हणाला. "दमली असशील तू. आणि त्या फळ्या…"

तो मागे वळला तर तोवे खाली बसली होती. दातांत हातमोजा धरून ती दोन डाव्या फळ्यांच्या तळाला पट्टे चिकटवत होती, घाईघाईने, शाळेला उशीर झालेल्या पोरीसारखी.